कोऱ्या जागेचे सामर्थ्य
माध्यमविद्येच्या प्रकल्पासाठी मुद्रित जाहिरातीचा मसुदा करावयास बसलेल्या विद्यार्थ्याने, चित्र व अक्षरे यांची जुळणी आरंभण्यापूर्वी, १९५९ साली न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने फोक्सवॅगनसाठी सिद्ध केलेली ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात अवश्य न्याहाळावी. अमेरिकेत लांबरुंद मोटारींचा दिमाख मिरवला जात असता कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन यांनी पानाचा बहुतांश भाग कोराच ठेवून वरच्या कोपऱ्याकडे चिमुकली गाडी मांडली, आणि ज्युलियन कोनिग यांच्या मजकुराने तिचे लहानपण हाच तिचा गुण ठरविला. सांगावयाची गोष्ट एकच होती, म्हणूनच, माझ्या मते, तो कोरेपणा इतका बोलका झाला. १९९९ मध्ये ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने शतकातील शंभर जाहिरात-मोहिमांत या मोहिमेला प्रथम स्थान दिले.