तुणतुण्याची तार आणि ६४ नमुन्यांचा गठ्ठा

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात लग्नानंतर जागरण-गोंधळ घातला जातो, तेव्हा संबळाच्या जोडीला तुणतुणं असतं. नळकांड्याच्या तळाला ताणलेलं चामडं आणि त्याच्या मध्यातून निघून काठीवरच्या खुंटीला बांधलेली एकच तार, एवढंच ते वाद्य. पण त्याचं भौतिकशास्त्र साधं नाही. सतारीची तार ज्या घोडीवर टेकते ती जवळपास स्थिर असते. तुणतुण्यात तारेचं टोकच चामड्यात आहे. तार कंपली की चामडं ओढलं जातं, चामडं हललं की तारेचा ताण बदलतो आणि त्या बदललेल्या ताणाने तार पुढच्या क्षणी वेगळी कंपते. असं वाद्य संगणकावर उभं करायचं तर पडद्यावर तयार चौकोन जोडून भागत नाही, सी भाषेत थोडं स्वतः लिहावं लागतं.

हे चौकोन जोडण्याचं काम मिलर पकेट यांच्यामुळे रूढ झालं. पॅरिसच्या इरकाम संस्थेत १९८०च्या दशकात त्यांनी ‘मॅक्स’ लिहिलं आणि १९९०च्या दशकात मुक्त परवान्याचं ‘प्युअर डेटा’. एक चौकोन लहर तयार करतो, दुसरा ती गाळतो, रेघ ओढली की आवाज सुरू. मात्र आत आवाज गठ्ठ्यांनी वाहतो. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मापं, धरले तर ६४ नमुन्यांचा एक गठ्ठा, म्हणजे सुमारे १.४५ मिलिसेकंद. साखळीचं शेवटचं टोक पुन्हा सुरुवातीला जोडलं, तर उत्तर किमान एक गठ्ठा उशिरा पोचतं. संगणकातली तार हा असाच एक फेरा असतो. तो ६४ नमुन्यांहून आखूड होत नसेल, तर सूर ६८९ हर्ट्झच्या वर चढत नाही. पांढरी एक पट्टीत तार षड्ज ५२३ हर्ट्झला आणि त्याच्या वरचा मध्यम ६९८ला, म्हणजे मध्यमापाशीच तार अडली. तुणतुणं इतकं उंच लावतंय कोण, असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. पण तुणतुण्यात अडचण उंचीची नाही, ताणाची आहे. चामड्याने तारेला द्यायचं उत्तर पुढच्याच नमुन्याला हवं. ६४ नमुन्यांनी आलेलं उत्तर दुसऱ्याच वाद्याचं.

गठ्ठा एका नमुन्याचा करण्याची सोय प्युअर डेटात आहे, मग सी कशाला? कारण तेव्हा साखळीतला प्रत्येक चौकोन सेकंदाला ४४,१०० वेळा हाकारावा लागतो आणि बराचसा वेळ त्या हाकाऱ्यातच जातो. सीमध्ये लिहिलेल्या चौकोनाला हाक गठ्ठ्यामागे एकदाच. ६४ फेऱ्या तो आतल्या आत मारतो आणि मागच्या नमुन्याचा ताण त्याच्या हाताशीच असतो. ध्वनिमुद्रित तुणतुणं वापरावं, हा दुसरा पर्याय स्वस्त खरा. पण मुद्रणात एकच छेड गोठलेली असते. हलकी छेड आणि जोरकस छेड यांत नुसता आवाज नाही, नादाचा रंगही बदलतो. मुद्रण मोठं केल्याने तो येत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप सीच्या धोक्याचा आहे. एक पॉइंटर चुकला की सगळा कार्यक्रम मंचावर बंद पडतो, आणि गठ्ठ्याच्या त्या दीड मिलिसेकंदात स्मृती मागणं किंवा फाइल उघडणं म्हणजे आवाज तुटण्याला आमंत्रण. एक चमत्कारिक भानगड आणखी: तार विझत आली की आकडे इतके सूक्ष्म होतात की काही प्रोसेसर त्यांवरच अडखळतात, म्हणजे शांततेचाच भार सर्वाधिक. त्यांना वेळीच शून्य करावं लागतं. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आवरता येतो: सीमध्ये फक्त तार आणि चामडं लिहावं, छेड, ताल, स्लायडर सगळं चौकोनांवर सोडावं.

हे काम कुणी करावं, याचं उत्तर शिरूर तालुक्यातच सापडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठी, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक पुढे तिथेच उभी राहिली. जिथे सर्किट बनवणं आणि मायक्रोकंट्रोलरला आज्ञा लिहिणं शिकवलं जातं, तिथल्या मुलाला सी परकी नाही. चामड्याला संवेदक चिकटवून खऱ्या तुणतुण्याचा ताण मोजावा, ते आकडे चौकोनात घालावेत. प्युअर डेटाचाच गाभा ‘लिबपीडी’ या नावाने फोनच्या ॲपमध्ये बसवता येतो. तेव्हा पाबळला लिहिलेली तार, त्या फोनसाठी पुन्हा कंपाइल केली की, दौंडच्या गोंधळ्याच्या खिशातही वाजेल, आणि ती तुणतुण्यासारखी वाजते की नाही हे तोच सांगेल.