विश्लेषण : संगणकालाही रोगप्रतिकारशक्ती देता येते?

अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या यादीवर विसंबून राहिला, तर अगदी नवा व्हायरस त्याच्या नजरेतून सुटू शकतो. शरीर मात्र पूर्वी कधीच न पाहिलेल्या जंतूशीही लढते. संगणकशास्त्रज्ञांनी त्यातून काय घेतले?

शरीर परक्याला कसे ओळखते?

‘टी’ पेशी छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. प्रत्येकीची ‘पकड’ वेगळी आणि बरीचशी योगायोगाने घडलेली असते. शरीराच्याच प्रथिनांना घट्ट पकडणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच नष्ट होतात. उरलेल्या शरीरभर पहारा देतात. शत्रूची यादी कुठेच नसते. ‘आपले कोण’ एवढेच ठाऊक असते.

हे संगणकात कसे आले?

स्टेफनी फॉरेस्ट (न्यू मेक्सिको विद्यापीठ), अ‍ॅलन पेरेलसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हीच युक्ती वापरली. संगणकाने यादृच्छिक नमुने तयार करायचे, मूळ माहितीशी जुळणारे टाकून द्यायचे आणि उरलेले पहारेकरी म्हणून ठेवायचे. पुढे त्यातला एखादा जुळला, तर माहितीत फेरफार झाला असे समजायचे. याला ‘नकारात्मक निवड’ म्हणतात. १९९६ मध्ये फॉरेस्ट यांच्या गटाने युनिक्सवरील प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे कोणत्या क्रमाने मागण्या करतात, ते नोंदवले. या छोट्या क्रमांवरून प्रोग्रॅमचे नेहमीचे वागणे ठरले आणि घुसखोरी झाली की क्रम बिघडलेला दिसला.

उपयोग फक्त सुरक्षेसाठीच?

नाही. जंतूला नेमके पकडणाऱ्या ‘बी’ पेशींच्या असंख्य प्रती निघतात, त्यांत किरकोळ बदल होतात आणि सरस पेशी टिकतात. ब्राझीलच्या लिआंद्रो डी कास्त्रो आणि फर्नांडो फॉन झुबेन यांनी यावरून ‘क्लोनाल्ग’ ही पद्धत रचली. अनेक पर्यायांतून उत्तम उत्तर शोधण्यासाठी ती वापरतात.

मग अडचण कुठे आहे?

माहिती गुंतागुंतीची असेल, तर पहारेकऱ्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय, नवे ते सगळेच घातक नसते. अपडेटनंतर प्रोग्रॅम वेगळा वागला तरी इशारा मिळू शकतो. शरीरातही निरुपद्रवी परागकणांमुळे अ‍ॅलर्जी होतेच! खोटे इशारे वाढले की माणसे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. धोका तिथेच आहे.

यावर उपाय काय?

प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ मध्ये वेगळा विचार मांडला : शरीर परकेपणाला नव्हे, तर इजेच्या खुणांना प्रतिसाद देते. त्यावरून पुढे ब्रिटनमध्ये ‘डेंड्रिटिक पेशी’ अल्गोरिदम तयार झाला. अनोळखी हालचाल आणि नुकसानीची चिन्हे एकत्र दिसली, तरच तो संशय घेतो. ‘हा परका आहे का?’ याऐवजी ‘यामुळे काही बिघडते आहे का?’ हा प्रश्न त्यात महत्त्वाचा ठरतो.