इंजिन जुनंच, घर मात्र नवं!

महिनोन्महिने खपून गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बांधली. वेल्डिंग झालं, रंग झाला, सीटही बसल्या. सेल्फ मारला आणि इंजिन सुरू झालं! पण दहा मिनिटांत खोकत बंद पडलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इथेच बरेच जण पाना उचलून इंजिन खोलायला बसतात. जरा थांबा.

घरी बांधलेली गाडी म्हटलं की आपल्याला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात. त्यांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हे ओळखून आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. ब्रिटनमध्ये मात्र हा जुना छंद आहे. १९५७ मध्ये लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही हलकी स्पोर्ट्स कार आली. ती सुट्या भागांत घेतली की खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक ती घरीच जोडायचे. १९७३ मध्ये तो कर गेला, पण हौस काही गेली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचं पुस्तक आलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टची इंजिनं घरगुती चौकटींत बसू लागली.

ही गोष्ट लक्षात ठेवा: ते इंजिन जुन्या गाडीत नीट चालत होतं. मग बदललं काय? टाकी, नळ्या, वायरिंग, एअर फिल्टर, सायलेन्सर. म्हणजे बिघाड बहुधा इंजिनाच्या पोटात नसतो, आपण जे नव्याने केलं त्यात असतो. (हे मान्य करायला जड जातं, कारण ते काम आपलंच असतं!)

पहिला संशयित अर्थिंग. कंपनीच्या गाडीत पत्र्याची बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्ह तारेचं काम करते. घरच्या गाडीत पॅनल फायबरचे असतात आणि चौकटीवर रंगाचा जाड थर. फायबरमधून करंट जात नाही, रंगातूनही नाही. मग सेल्फ जड फिरतो, ठिणगी कमजोर पडते, पंखा लागला की इंजिन अडखळतं. कधी कधी तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते! तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर रंग खरवडून जाड तार नीट बसवा.

आता त्या दहा मिनिटांच्या दुखण्याकडे येऊ. प्रश्न एकच विचारायचा: बंद पडताना ठिणगी गेली की पेट्रोल गेलं? बंद पडल्या पडल्या लगेच पाहायला हवं, थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसतं. ठिणगीसाठी बाजारात स्पार्क टेस्टर मिळतो. तापल्यावर ठिणगी गायब होत असेल, तर कॉइलकडे बघा. पेट्रोलसाठी इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर ओढा. बारीक धार उडाली, तर पेट्रोल पोहोचतंय. धार नाही? मग टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत शिरली तर चोर सापडला! पेट्रोल संपत जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. टाकीला हवेचं भोक ठेवायचं राहिलं तर आत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही.

आवाज नसेल तर फिल्टर पाहा, नव्या टाकीत वेल्डिंगचा कचरा हमखास असतो. इलेक्ट्रिक पंप टाकीपासून लांब, उंचावर बसवलाय का? हे पंप ढकलतात छान, ओढतात मात्र कष्टाने. आणि नळी सायलेन्सरच्या पाइपला खेटून गेली असेल, तर पेट्रोलची आतल्या आत वाफ होते. नळी आधी हलवा, कारण तिथे गळती झाली तर गाडी पेटते. पेट्रोलचं कुठलंही काम मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवूनच करा. मुलांना लांब ठेवा.

इंजिन बंद पडत नाही पण मिसिंग मारतंय? मग गाडी चालवून आणा, थंड होऊ द्या आणि प्लग काढून क्रमाने मांडा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त. चारही सारखेच बिघडले असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे, म्हणजे कार्ब्युरेटर किंवा फिल्टरपाशी. एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरची वायर आणि प्लग तपासा. कार्ब्युरेटरमधून फटाके वाजत असतील, तर वायरींचा क्रम बघा. बऱ्याच चार सिलिंडर इंजिनांचा तो १-३-४-२ असतो, फोर्डच्या जुन्या केंट इंजिनाचा १-२-४-३.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही.

एवढं करूनही एक सिलिंडर रुसलेलाच असेल, तर कम्प्रेशन मोजा. बाकीच्यांपेक्षा तो बराच कमी निघाला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात. नाही वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायला हवं आणि त्यासाठी हेड खोलावंच लागेल.