पुस्तिकेत ८६, पंपावर ९५

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होंडाच्या बऱ्याच एटीव्हींच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ ठरलेली असते : पेट्रोल ८६ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं वापरा. आता ही चार जाड टायरांची गाडी कुणी बीड जिल्ह्यात दिंद्रुडला आणली असं समजू. इथल्या पंपावर मिळणारं साधं पेट्रोल आजघडीला ९५ ऑक्टेनचं आहे. म्हणजे अमेरिकेपेक्षा आपलं पेट्रोल भारी? तसं नाही. दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी आहे.

भारतात आणि युरोपात ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’ म्हणजे रॉन मोजतात. इंजिनावर जास्त ताण देऊन घेतलेली दुसरी चाचणी ‘मोटर ऑक्टेन’ची, आणि तिचा आकडा कमी येतो. अमेरिकेतल्या पंपावरच्या पिवळ्या स्टिकरवर या दोन्हींची सरासरी छापलेली असते. त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१ ते ९२, आणि तिकडचं ‘प्रीमियम’ ९१ म्हणजे आपलं ९५-९६. पुस्तिका कोणत्या देशासाठी छापली आहे, हे न पाहता नुसता आकडा वाचला की इथेच गफलत होते.

मुळात ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त पिकअप, ही समजूत गॅरेजपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पक्की आहे, आणि ‘प्रीमियम’ हा शब्द तिला खतपाणी घालतो. ऑक्टेन सांगतं ते एवढंच, की दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपणहून पेट घ्यायचं किती टाळतं. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने, उष्णतेने स्वतःच भडकलं, तर धातूवर बारीक काहीतरी आपटल्यासारखा टणटण आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळला की तो हमखास ऐकू येतो. असं बराच काळ चाललं तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात.

कोणत्या इंजिनाला किती ऑक्टेन लागणार, हे मुख्यतः ते मिश्रण किती दाबतं यावर ठरतं. जुन्या ३५० सीसी बुलेटच्या युसीई इंजिनात हा दाब ८.५ पट होता. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये तो १२ पटींच्या वर आहे. बुलेटमध्ये १०० ऑक्टेन ओतणं म्हणजे निव्वळ पैसे ओतणं. एटीव्हीतही हाच फरक दिसतो. शेतकामाच्या, ओझं ओढणाऱ्या गाड्यांना साधं पेट्रोल चालतं, तर शर्यतीसाठी बनवलेल्या यामाहाच्या वायएफझेड ४५० आरला कंपनीच प्रीमियम सांगते. मात्र एटीव्हीचं काम असतं कमी वेग, जास्त ओझं, वाळू किंवा चिखल असं. वारा कमी लागल्याने इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन लवकर ठोकतं. त्यामुळे इथे कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये. वर जाऊनही काही हाती लागत नाही. डोंगराळ उंचीवर मात्र हवा विरळ, त्यामुळे इंजिनातला दाब कमी आणि ऑक्टेनची गरजही कमी. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत म्हणूनच ८५ ऑक्टेनचं पेट्रोलही विकतात.

ऑक्टेन वाढवायला पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत. जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजलीने १९२१ साली हा उपाय शोधला आणि जगाने त्याची किंमत विषारी हवेने मोजली. भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिसंमुक्त पेट्रोल सगळीकडे आलं.

आज शिशाची जागा काही अंशी उसापासून बनणाऱ्या इथेनॉलने घेतली आहे. इथे दिंद्रुडकरांचा थेट संबंध येतो, कारण माजलगावच्या धरणाखालचा हा सगळा पट्टा उसाचा, आणि जवळच तेलगावला सहकारी साखर कारखाना. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. त्यामुळे २० टक्के मिश्रण केल्यावर साध्या पेट्रोलचं रॉन ९१ वरून ९५ वर गेलं. म्हणजे ऑक्टेनपुरतं बोलायचं, तर बहुतेक एटीव्हींची सोय साध्या पेट्रोलमध्येच झाली.

घोळ आहे तो पुढे. अमेरिकी पुस्तिकांमध्ये ऑक्टेनच्या ओळीखालीच बहुधा दुसरी ओळ असते : इथेनॉल १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. तिकडे १५ टक्क्यांचं मिश्रण एटीव्ही, मोटारसायकल आणि बोटींना वापरायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे सरसकट २० टक्के. इथेनॉल रबराच्या जुन्या नळ्या आणि सील कमकुवत करू शकतं. एका लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी असते, म्हणून मायलेजही थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने दहा टक्के मिश्रणावर बेतलेल्या दुचाकींसाठी ही घट तीन ते चार टक्के धरली होती. २०२३ नंतरच्या भारतीय गाड्यांचे सुटे भाग या मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. आयात केलेल्या जुन्या एटीव्हीला ही हमी नाही.

त्यातून ही गाडी रोज पळणारी नव्हे. रस्त्यावर चालवायला तिची नोंदणी सहसा होत नाही, म्हणून ती रिसॉर्टच्या आवारात, खासगी जमिनीवर किंवा काशीद-अलिबागच्या वाळूत फिरते आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉलसकट ते टाकीच्या तळाशी बसतं. वर उरलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेलेलं असतं, आणि त्याबरोबर ऑक्टेनही. पाऊस सुरू व्हायच्या आधी टाकी रिकामी करावी, कार्बुरेटर असेल तर त्याच्या वाटीतलं पेट्रोलही खालच्या स्क्रूने काढून टाकावं. काळ्या पडलेल्या किंवा चिरा गेलेल्या नळ्या त्याच वेळी बदलून घ्याव्यात. मग महागड्या प्रीमियम पेट्रोलकडे बघायची पाळी सहसा येत नाही. नवं पेट्रोल टाकूनही गाडी चढावर टणटणत असेल, तर ऑक्टेनवर पैसे घालण्याआधी मेकॅनिककडून इंजिनात साचलेला कार्बन, प्लग आणि ठिणगीची वेळ तपासून घेतलेली बरी.