अकीकाचा शोध

अकीक शोधावयाचा तर प्रथम त्याचा जन्म समजून घ्यावा लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस थिजला, तेव्हा वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकात पोकळ्या राहिल्या. त्यांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिकेचे थर साचून अकीक बनला. बेसाल्ट झिजतो; त्याहून कठीण असलेला अकीक उरतो व पुराबरोबर वाहत जातो. म्हणून पावसाळा ओसरल्यावर गोदावरीसारख्या नद्यांच्या पात्रांतील गोटे न्याहाळावेत. उन्हासमोर धरल्यास अकीकाच्या पातळ कडेतून प्रकाश झिरपतो; त्याचा भाऊबंद असलेल्या जास्परातून तो येत नाही. मात्र गोटा कोरडाच घासू नये. गुजरातेतील खंबायतच्या अनेक अकीक-कारागिरांना याच धुळीमुळे सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसरोग जडला आहे.