गिऱ्हाईक वाढलं, आता पत्र कसं पाठवायचं?



गटाचा माल विकला की आपण काय करतो? पैसे मोजतो, पेटीत ठेवतो, वहीत लिहितो. किती किलो गेलं, उधारी कुणाकडं राहिली, सगळं टिपून ठेवतो. पण ज्या बाईंनी पापडाचं पाकीट नेलं, घरी तळून बघितलं आणि ‘पुन्हा मिळतील का हो?’ म्हणून फोन केला, त्यांचं नाव कुठं असतं? बहुतेक वेळा गटातल्या एका ताईच्या मोबाईलमध्ये, ‘पापडवाल्या मॅडम पुणे’ अशा नावानं. मोबाईल पाण्यात पडला की मॅडमही बुडाल्या.

पुन्हा मागणारं गिऱ्हाईक ही गटाची पुंजी आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला जायचं म्हणजे माल बांधा, गाडीखर्च करा, घर आणि शेत कुणाच्या तरी भरवशावर सोडा, कामाचे खाडे करा. तिथं मिळालेल्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी एक पत्र पुरतं. म्हणून आज आपण बोलणार आहोत ते वाढत्या यादीला निरोप कसा पाठवायचा याबद्दल. त्यातही ईमेलबद्दल जास्त, कारण त्याची वाट आपल्या पायाखालची नाही.

यादी वीस नावांची असते तोवर फोन पुरतो. पन्नास झाली की आपण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढतो. इथं जरा थांबा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. बाईनं नंबर दिला तो आपल्यावर विश्वास ठेवून. उद्या तिला अनोळखी माणसांचे मेसेज यायला लागले, तर ती ग्रुप सोडेल आणि आपला मालही सोडेल. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि निरोप ज्याचा त्याला वेगळा जातो. फक्त एक ध्यानात ठेवा, ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. तेव्हा पाकिटावर छापा, ‘मागणीसाठी हा नंबर सेव्ह करा.’

मग ईमेल कशाला? आपल्यापैकी कितीजणींनी ईमेल केवळ फॉर्म भरण्यापुरता काढलाय आणि त्याचा पासवर्ड मुलाकडं आहे. खरं आहे. पण आपलं सगळं गिऱ्हाईक गावातलं नाही. दिवाळीला कर्मचाऱ्यांना फराळाचे डबे देणारं ऑफिस, शहरातला दुकानदार, हॉस्टेलची मेस, परदेशात राहून इथल्या आईवडिलांना माल पोचवायला सांगणारी लेक, ही मंडळी रोज ईमेल उघडतात. ईमेलमध्ये दर, फोटो, मागणी आणि पत्ता एका जागी राहतो. चार महिन्यांनी शोधलं तरी सापडतं, आणि कोण काय बोललं होतं यावर वाद होत नाही.

आता पहिली गोष्ट, परवानगी. पार्सलासाठी किंवा बिलासाठी पत्ता दिला म्हणजे ‘मला जाहिरात पाठवा’ असं कुणी म्हटलेलं नसतं. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचं सार सोपं आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. संमती समोरच्याला कळेल अशा शब्दांत घ्यायची. आणि ती मागं घेणं हे देण्याइतकंच सोपं ठेवायचं. कायदा नसता तरी रीत हीच आहे. कुणाच्या घरी जाताना आपण दारातून हाक मारतोच ना?

म्हणून स्टॉलवर एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहा, ‘नव्या मालाची माहिती वर्षातून पाच-सहा वेळा ईमेलनं पाठवू. तुमचा पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही. नको झालं की सांगा, लगेच बंद करू.’ त्याखाली रकाने पाडा: नाव, गाव, ईमेल, फोन, काय घेतलं, तारीख आणि सही. ज्यांना हवं ते लिहितील. ज्यांना नको त्यांना आग्रह करू नका. शेजारच्या स्टॉलची यादी उतरवून घेऊ नका आणि विकत मिळाली तरी घेऊ नका. त्या यादीतल्या एकानंही तुम्हाला हो म्हटलेलं नसतं.

पत्ता लिहून घेतला की अक्षर अक्षर वाचून दाखवा. शून्य आहे की ओ, एक आहे की एल, टिंब कुठं आहे. एक अक्षर चुकलं की पत्र जात नाही, किंवा भलत्याच माणसाला जातं. त्याच संध्याकाळी दोन ओळींचं पत्र पाठवा, ‘आज आमच्याकडून मसाला नेलात, आभारी आहोत.’ पत्ता अस्तित्वातच नसेल तर ते परत येतं आणि वही ताजी असतानाच चूक कळते. परत आलेल्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा पाठवत राहू नका, तो यादीतून काढा.

दुसरी गोष्ट, पत्ते कुठं लिहायचे. ईमेल लिहायला घेतलं की वर तीन जागा दिसतात: टू, सीसी आणि बीसीसी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात कागदाखाली कार्बन घालून प्रत काढायचे, तिथून हे नाव आलं. टू आणि सीसीमध्ये लिहिलेले सगळे पत्ते प्रत्येकाला दिसतात. बीसीसीमध्ये लिहिलेले दुसऱ्या कुणालाच दिसत नाहीत. तेव्हा टूमध्ये गटाचा स्वतःचा पत्ता लिहायचा आणि गिऱ्हाइकांचे सगळे पत्ते बीसीसीमध्ये. नाहीतर एका झटक्यात आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते एकमेकांच्या हाती जातात. त्यात आपल्यासारखाच माल विकणारा कुणी असला, तर वर्षभर जमवलेली यादी त्याला फुकटात मिळाली.

तिसरी गोष्ट, मर्यादा. जीमेलचं साधं, फुकटचं खातं एका दिवसात साधारण ५०० पत्त्यांपर्यंत पत्रं पाठवू देतं. त्यापुढं गेलात की खात्यातून पत्र जाणं थांबतं, ते एक तासापासून २४ तासांपर्यंत. नेमकं दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असं झालं, तर ऑर्डरीला ‘हो, पाठवतो’ एवढं उत्तरही जाणार नाही. म्हणून यादी दोन-तीनशेच्या वर गेली की तिचे भाग करा आणि रोज थोडी थोडी पाठवा. यादी आणखी वाढली की अनेकांना एकदम पत्रं पाठवण्यासाठीच्या सेवा असतात. मेलचिंप, ब्रेवो, झोहो कँपेन्स ही त्यातली नावं. थोड्या नावांपर्यंत फुकट आणि पुढं पैसे, अशी त्यांची रीत असते. दर बदलत राहतात, ते घेण्याआधी बघायचे. या सेवा पत्ता झाकतात, परत आलेली पत्रं मोजतात आणि पत्राच्या तळाशी ‘अनसब्स्क्राइब’ म्हणजे ‘पत्र बंद करा’ ही ओळ आपोआप घालतात. अशा सेवेतून पाठवायचं तर गटाच्या नावाचा स्वतंत्र ईमेल पत्ता असावा. त्याला वर्षाचं भाडं पडतं, ते हिशेबात धरा.

आणि त्या ‘बंद करा’ या ओळीला घाबरू नका. काही ताया म्हणतात, ‘आपणच दार कशाला दाखवायचं?’ ऐका. पत्र नकोसं झालेल्या माणसाला दार सापडलं नाही, तर तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो. म्हणजे ईमेल कंपनीकडं आपली तक्रार करतो. गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जाहिरातीचं पत्र एका क्लिकमध्ये बंद करता आलं पाहिजे आणि तक्रारी हजारात तीनपर्यंत पोचता कामा नयेत. आपण काही पाच हजार पत्रं पाठवत नाही. पण हिशेब करून बघा, यादी तीनशेची असेल तर एकच तक्रार हजारी तीनच्या वर जाते. तक्रारी साचल्या की आपली पत्रं थेट स्पॅमच्या डब्यात पडायला लागतात. ज्यांना ती हवी आहेत त्यांचीसुद्धा. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

न विचारता पाठवलेल्या पत्राचा राग लोकांना आज येतोय असं नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या कॉम्प्युटरची जाहिरात जवळजवळ चारशे जणांना एकदम पाठवली. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, ते मजकुरातच सांडले. लगेच तक्रारी सुरू झाल्या. बिनबोलावलेल्या जाहिरातीच्या ईमेलचा इतिहास सांगताना आजही तेच उदाहरण देतात.

आता पत्रात लिहायचं काय? सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहायचं. आपला माल ऋतूप्रमाणं होतो, तेच आपलं कॅलेंडर. संक्रांतीआधी तिळगूळ, उन्हाळ्यात वाळवण आणि वर्षाचा मसाला, श्रावणाआधी उपवासाची पिठं, मग दिवाळीचा फराळ. एवढी पत्रं पुष्कळ झाली. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवलं की कामाचं पत्रही न उघडता पुसलं जातं. एक नमुना सांगते.

विषय: कुरडया आणि ज्वारीचे पापड तयार, मागणी १० एप्रिलपर्यंत

नमस्कार. यंदाचं वाळवण झालं. गव्हाच्या कुरडया ४० किलो आणि ज्वारीचे पापड २५ किलो तयार आहेत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढला आहे, रंग घातलेला नाही. पाकीट अर्ध्या किलोचं, दर खाली दिला आहे. पार्सलचा खर्च वेगळा. काय हवं, किती हवं आणि पिनकोडसह पत्ता या पत्राला उत्तर म्हणून १० एप्रिलपर्यंत कळवा. पार्सलं १५ एप्रिलला निघतील. पत्रं नको असतील तर ‘नको’ एवढंच लिहून पाठवा.

खाली गटाचं नाव, गाव, फोन आणि खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणीचा क्रमांक. झालं पत्र. विषयाची ओळ वाचूनच माणसाला कळलं पाहिजे की आत काय आहे आणि कधीपर्यंत सांगायचं आहे. फोटो एकच घाला, पण आपल्याच मालाचा, आपल्याच अंगणात काढलेला. दहा फोटोंचं जड पत्र उघडता उघडत नाही.

पत्र पाठवण्याआधी एक हिशेब मांडा. ४० किलो कुरडया म्हणजे अर्ध्या किलोची ८० पाकिटं. यादी ६०० जणांची असेल आणि सगळ्यांना एकाच दिवशी कळवलं, तर १५० मागण्या येऊ शकतात. मग सत्तर जणांना नाही म्हणायची पाळी, किंवा घाईघाईत बाहेरून माल आणून आपल्या पाकिटात भरायचा मोह. त्यात गटाचं नाव जातं. म्हणून आधी जुन्या दोनशे गिऱ्हाइकांना कळवा. चार दिवस वाट बघा. माल उरला तर पुढच्यांना. यादी वाढली म्हणून सुपं वाढत नाहीत आणि वाळवायला गच्चीही वाढत नाही.

राहिला प्रश्न यादी कुणाच्या ताब्यात. ईमेलचं खातं गटाच्या नावानं काढा, एकीच्या नावावर नको. सचिव बदलल्या, कुणी दुसऱ्या गावी गेल्या, तरी खातं गटाकडंच राहिलं पाहिजे. पासवर्ड दोघींना माहीत असावा आणि पदाधिकारी बदलले की तोही बदलावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू ठेवा, म्हणजे नुसता पासवर्ड कळून खातं उघडत नाही. यादीची एक छापील प्रत तीन महिन्यांनी गटाच्या पेटीत ठेवा.

हे एवढ्यासाठी की यादी चोरणारा तिचा उपयोग फसवायला करतो. गटाचं नाव घेऊन ‘ताई, आगाऊ पैसे या नंबरवर टाका’ असं पत्र आपल्याच गिऱ्हाइकांना जाऊ शकतं. म्हणून पैसे घेण्याचं खातं एकच ठेवा आणि पहिल्या पत्रातच सांगून टाका, ‘आम्ही ओटीपी कधीच विचारत नाही. खातं बदललं तर फोन करून सांगू.’ तरीही कुणी फसलं तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगा.

तर येत्या बैठकीत तीन कामं करा. सगळ्यांच्या मोबाईलमधली गिऱ्हाइकांची नावं एका वहीत उतरवा. त्यातल्या प्रत्येकाला विचारा, ‘ईमेलनं माहिती पाठवली तर चालेल का?’ आणि हो म्हणणाऱ्या पहिल्या वीस जणांना एक पत्र पाठवून बघा, बीसीसीत पत्ते लिहून. किती गेली, किती परत आली, किती मागण्या आल्या, किती जणांनी नको म्हटलं, हे हिशेबाच्या वहीत लिहा. पुढचं पत्र कधी आणि कुणाला पाठवायचं, ते आकडेच सांगतील.