ओघळ

घरातल्या पुस्तकांसाठी मांडणी हवी होती. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात रंगवलेली, पॉलिश केलेली हवी तशी मिळाली असती; पण नातवंडांना सुट्टी होती, म्हणून कोऱ्या लाकडाचीच घेतली आणि टेम्पोत घालून अंबरनाथवरून बदलापूरला घरी आणली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचे हे गाव. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळाले. बराकींत ज्यांनी संसार नव्याने मांडले, त्यांच्या बाजारात आज आपल्या संसाराचे सामान मिळते.

रविवारी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरली. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचे. आडवा ओरखडा रंगाखालूनही दिसतो. मग ओल्या फडक्याने भुसा पुसायचा, प्रायमरचा एक हात मारायचा आणि वाळू द्यायचे. मुलांना अवघड जाते ते हे वाळू देणेच. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, खेळणी, पाट रंगवणाऱ्या घरांतली मुले हे बघत बघत शिकत आली. आपल्याला त्यासाठी रविवार काढावा लागतो.

रंग पाण्यात मिसळणारा घेतला होता. डब्यावरची बारीक अक्षरे मात्र चष्मा लावून वाचावीत. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० अशी आहे. म्हणूनच जुने, रंगवलेले कपाट मुलांना घासायला देऊ नये. ती धूळ नाकातोंडात जाते.

नातीने खालचा कप्पा निळा केला. रंग जास्त झाला, कडेवरून ओघळला. पस्तीस वर्षे बँकेत खाती जुळवलेल्या माणसाला तो ओघळ दिवसभर खुपत राहिला. रात्री मुले झोपल्यावर मी तो हळूच घासला आणि वरून निळ्याचा एक हात मारला. काम सफाईदार झाले, हे कबूल करायला हवे.

सकाळी तिने कडेवरून बोट फिरवले.

“आजोबा, माझा थेंब कुठे गेला?”

मला काही सुचेना. ती रागावली नाही, रडली नाही. आपली पुस्तके उचलून तिने धाकट्याच्या वरच्या कप्प्यात लावली. तिथे पांढऱ्यावर त्याच्या पाच बोटांचा ठसा तसाच होता. तिथवर माझा हात पोचला नव्हता.

खालचा कप्पा अजून रिकामाच आहे. डब्यात थोडा निळा उरलाय. येत्या रविवारी ब्रश तिच्या हाती देईन म्हणतो.